९ फुटी फ्लाय रॉडला गाइड कोणते लावावेत, कुठे लावावेत आणि कसे बांधावेत

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे बाकीच्यांनाही संदर्भ लागेल. तुमच्याकडे ९ फुटी, ५ वेटचा, चार तुकड्यांचा कार्बनचा ब्लँक, म्हणजे रॉडचा नुसता कोरा दांडा आहे. कॉर्कची मूठ आणि रील सीट (रील अडकवायची जागा) बसवून झाली आहे. मार्चमध्ये हिमाचलात तीर्थन नदीवर ट्राउटसाठी रॉड न्यायचा आहे. गाइडचा, म्हणजे लाइन ओवायला दांड्यावर दोऱ्याने बांधतात त्या कड्यांचा पुडा उघडला आणि गाडी तिथे अडली. स्नेक घ्यावेत की सिंगल-फूट, किती, कोणत्या मापाचे, किती अंतरावर? शिवाय जुलैत टोकाच्या तुकड्यावर तीन गाइड बांधून पाहिलेत, तर दोऱ्यावर दिलेल्या इपॉक्सीच्या लेपात बारीक खड्डे पडले आणि वर पांढुरकी साय धरली. ते का झालं, हेही तुम्हाला हवंय.

मी हे काम पेनसिल्व्हेनियात नोकरीला असताना एका शेजाऱ्याच्या गॅरेजमध्ये शिकलो आणि गेली सोळा वर्षं पुण्यात करतोय. तुमच्या खड्ड्यांचं कारण मला प्रश्न वाचतानाच बहुधा कळलं, कारण माझेही तसेच पडले होते. पण त्याकडे शेवटी येतो. गाइड चुकीच्या जागी बसले, तर वरचं इपॉक्सी कितीही नितळ झालं तरी उपयोग नाही.

साध्या गळाच्या काठीत टोकाला शिसं किंवा स्पिनर असतो, तो उडतो आणि मागून दोरी ओढली जाते. फ्लायला, म्हणजे पिसं-दोऱ्याच्या नकली किड्याला, वजन जवळजवळ नसतं. इथे फेकली जाते ती लाइनच. ५ वेट म्हणजे लाइनच्या पहिल्या ३० फुटांचं वजन १४० ग्रेन, साधारण ९ ग्रॅम. ही जाड, प्लॅस्टिकचं आवरण असलेली लाइन एका दिवसात हजारो वेळा गाइडांतून पुढेमागे सरकते. आणि प्रत्येक फेकीच्या शेवटी रॉडला झटकन थांबावं लागतं. टोकाला वजन जास्त असेल तर तो थांबत नाही, थरथरत राहतो, आणि ती थरथर लाटांच्या रूपात लाइनमध्ये उतरते. कोरा ब्लँक हातात धरून हलवून पाहा आणि मग टोकाकडे मास्किंग टेपने चार गाइड चिकटवून पुन्हा हलवा. फरक मनगटाला लगेच कळेल. म्हणून मुठीकडे मी सढळ असतो आणि टोकाकडे कंजूष. गाइडांची निवड, दोऱ्याची जाडी, इपॉक्सीचे थर, सगळं याच हिशेबाने ठरवतो.

आता प्रकार. १९व्या शतकातल्या जुन्या रॉडना लोंबत्या कड्या असायच्या. लाइन ओली झाली की त्या दांड्याला चिकटायच्या आणि लाइन अडायची. स्नेक गाइड आला आणि ती अडचण गेली: एकच तार, नागमोडी वळवलेली, दोन्हीकडे चपटे पाय. इतक्या वर्षांत त्यात फारसं सुधारायला काही उरलेलं नाही. सिंगल-फूट गाइडला एकच पाय असतो, म्हणून दोरा आणि इपॉक्सी जवळपास निम्मं लागतं. काहींमध्ये सिरॅमिकची गोल कडी बसवलेली असते, काही नुसत्या तारेचे असतात.

तुमच्या रॉडला मी स्नेकच लावीन. सिंगल-फूट वाईट आहेत म्हणून नव्हे. हलक्या २ किंवा ३ वेटच्या रॉडला मी तेच वापरतो. पण पहिल्या रॉडवर एकच पाय असलेला गाइड पुढे सरकून निसटायची भीती असते, आणि सिरॅमिकची कडी दगडावर आपटली तर निखळते. तीर्थनच्या काठावर गोटे किती आहेत ते तुम्ही पाहालच. स्नेकची तार वाकली तर बोटाने सरळ करून मासेमारी चालू ठेवता येते.

धातूबद्दल फार डोकं शिणवू नका. स्टेनलेस तारेवर कठीण क्रोमचा मुलामा असलेले गाइड गोड्या पाण्यात वर्षानुवर्षं टिकतात. निकेल-टायटॅनियमचे गाइड दाबले तरी उसळून मूळ आकारात येतात. बसमधून, टपावरून, लोकांच्या पायाखालून रॉड नेणाऱ्यांसाठी ते छान, पण महाग पडतात. मुठीजवळचा पहिला मोठा गाइड, ज्याला स्ट्रिपिंग गाइड म्हणतात, तो मात्र सिरॅमिक कडीचाच घ्या. हाताने लाइन ओढताना ती तिथे तिरकी घासते आणि नदीतली बारीक वाळू लाइनवर चिकटलेली असतेच. नुसत्या तारेला तिथे कालांतराने खाच पडते आणि ती खाच लाइनचं आवरण सोलते. सिलिकॉन कार्बाइडची कडी उत्तम, ॲल्युमिनियम ऑक्साइडचीही तुम्हाला पुरेल. कोणताही गाइड बांधण्याआधी त्यातून कापसाचा बोळा ओढून पाहा. धागे अडकले तर तो बाजूला ठेवा.

मापांच्या आकड्यांनी सगळेच सुरुवातीला गोंधळतात, कारण तीन भागांची तीन वेगळी मोजमापं आहेत. स्ट्रिपिंग गाइडचा आकडा म्हणजे कडीचा व्यास मिलिमीटरमध्ये. स्नेकचा आकडा हा नुसता क्रमांक आहे, १ लहान, ६ मोठा, आणि १ च्याही खाली १/० आणि २/० येतात. टोकावर बसणाऱ्या टिप-टॉपचा आकडा म्हणजे त्याच्या नळीचा आतला व्यास, इंचाच्या ६४व्या भागांत. ५ नंबरची नळी म्हणजे ५/६४ इंच, जवळपास २ मिमी. टिप-टॉप मागवण्याआधी ब्लँकचं टोक व्हर्नियरने मोजा. नळी घट्ट होतेय म्हणून टोक घासून बारीक करायचा मोह होईल. ते कधीही करू नका. कार्बनचे उभे तंतू तिथेच कापले जातात आणि पहिल्या मोठ्या माशाला टोक हातात येतं. अर्ध्या मापाने मोठी नळी घ्या. थोडी सैल असली तर गोंद ती जागा भरतो.

संख्येसाठी जुना ठोकताळा असा की जितके फूट तितके गाइड आणि वर एक. ९ फुटांना १० गाइड, टिप-टॉप वेगळा. त्याहून कमी केले तर दोन गाइडांमध्ये लाइन झोळ खाते आणि दांड्यावर आपटते. उगाच वाढवले तर टोक जड होतं. तुमच्यासाठी मी असा संच लावीन: १२ मिमीचा एक स्ट्रिपिंग, मग टोकाकडे जाताना स्नेक ४, ३, २, २ आणि शेवटी १ नंबरचे पाच.

एक अपवाद सांगतो. तुमची लाइन आणि लीडर (लाइन आणि फ्लाय यांच्या मधली बारीक पारदर्शक दोरी) गाठीऐवजी फासात फास घालून जोडलेले असतील, तर १ नंबरऐवजी शेवटपर्यंत २ नंबर लावा. ९ फुटी लीडर असला की मासा जाळ्यात घेताना तो जोड टिप-टॉपमधून आत येतो, आणि नेमक्या त्याच क्षणी मासा शेवटचा हिसका देतो. जोड गाइडात अडकला तर टिपेट, म्हणजे लीडरचं सगळ्यात बारीक टोक, तटकन तुटतो. त्यासाठी टोकाला किंचित वजन वाढलेलं मी सोसतो.

अंतरांचा तक्ता सगळे मागतात, म्हणून देतो. पण तो फक्त सुरुवातीची खूण आहे. टिप-टॉपपासून इंचांत: ५, १०¼, १६, २२¼, २९¼, ३७, ४६, ५६, ६६½, आणि ७७½ वर स्ट्रिपिंग. टोकाकडे गाइड दाट आणि मुठीकडे विरळ का, तर टोक बारीक असतं आणि तिथेच वाक जास्त येतो. चार तुकड्यांच्या रॉडचे जोड साधारण २७, ५४ आणि ८१ इंचांवर येतात. वरच्या तुकड्याचं पोकळ तोंड खालच्या तुकड्यावर चढतं. त्या तोंडावर इंचभर दोरा गुंडाळावाच लागतो, नाहीतर ते उभं चिरतं. म्हणून जोडाच्या वर दीड-दोन इंच आणि खाली इंचभर जागा गाइडला द्यायची नाही. जोड वर्षानुवर्षं घासून थोडा आणखी खाली सरकतो, त्यालाही वाव हवा. वरचे आकडे हे सांभाळून काढलेत. तुमच्या ब्लँकचे जोड इकडेतिकडे असतील तर आकडेही हलवा. टोकाच्या तुकड्यावर चार, त्याखाली तीन, त्याखाली तीन आणि मुठीच्या तुकड्यावर एकही नाही, अशी वाटणी होते.

स्ट्रिपिंग गाइडची जागा तुमच्या हातावरही ठरते. रॉड फेकायच्या पवित्र्यात धरा आणि दुसरा हात सहज पुढे न्या. गाइड बोटांच्या टप्प्यात असला की लाइन गुंतली तरी सोडवता येते. मी ठेंगणा आहे, माझ्या स्वतःच्या रॉडवर तो इंचभर मुठीकडे असतो.

आता जे काम बहुतेक जण गाळतात ते. गाइड दोऱ्याने बांधण्याआधी तात्पुरते बसवून रॉड वाकवून पाहायचा. तात्पुरतं बसवायला मी सायकलच्या दुकानात मिळणारी व्हॉल्व्ह ट्यूब वापरतो. तिचे दोन-तीन मिमीचे तुकडे कापायचे, टोकाकडून ब्लँकवर सरकवायचे आणि गाइडचे पाय त्यांच्याखाली घालायचे. टेपपेक्षा हे सोपं, कारण गाइड बोटाने पुढेमागे सरकतो आणि मागे चिकट राहत नाही.

सगळे तुकडे जोडा, लाइन ओवा, मूठ कुणाकडे तरी धरायला द्या किंवा टेबलाला कपड्यात गुंडाळून बांधा. दांडा जमिनीशी ४५ अंशांपेक्षा उभा नको, नाहीतर सगळा वाक टोकात एकवटतो आणि ब्लँक मोडायचा धोका असतो. लाइनच्या टोकाला छोटी प्लॅस्टिकची बाटली बांधा. आधी १०० ग्रॅम होईल इतकं पाणी, मग २०० ग्रॅम. त्याहून जास्त नको.

मग चार पावलं मागे जा आणि बाजूने पाहा. फ्लाय रॉडचे गाइड खालच्या अंगाला असतात, त्यामुळे रॉड वाकला की लाइन वाकाच्या आतल्या बाजूने जाते. दोन गाइडांमध्ये ती सरळ रेघ धरते आणि ब्लँक कमानीसारखा वर राहतो. कमान आणि ही सरळ रेघ यांच्यातली फट बघायची आहे. एखाद्या ठिकाणी फट शेजारच्या फटींपेक्षा एकदम मोठी दिसली किंवा एखाद्या गाइडपाशी लाइन कोपरा करून वळली, तर त्याच्या दोन्ही बाजूंचे गाइड थोडे आत सरकवा. पाव इंच, अर्धा इंच. फटी टोकाकडून मुठीकडे जाताना हळूहळू बदलत गेल्या पाहिजेत, मध्येच उडी नको. एक गाइड हलला की शेजारचे दोन पुन्हा बघावे लागतात. याला दीड तास लागतो आणि तो सगळ्यात सत्कारणी लागलेला दीड तास असतो. एकाच कारखान्याचे, एकाच मापाचे दोन ब्लँक माझ्याकडे वेगळ्या ठिकाणी वाकलेले आहेत. छापील तक्त्याला तुमचा ब्लँक माहीत नसतो. जागा ठरल्या की पांढऱ्या पेन्सिलीने खुणा करा.

गाइड ब्लँकच्या कोणत्या अंगाला, यावर जुने लोक स्पाइनचा, म्हणजे ब्लँकच्या जास्त ताठ बाजूचा, आग्रह धरतात. ब्लँकचा तुकडा टेबलावर टेकवून वाकवत फिरवला, तर एका ठिकाणी तो टुणकन उडी मारतो. कार्बनचं कापड गुंडाळताना एका बाजूला थर किंचित जाड होतो, त्याचा हा परिणाम. आताच्या ब्लँकमध्ये तो फार थोडा असतो, आणि फेकताना तुमचं मनगट त्याहून जास्त पीळ देतं. मी सरळपणा पाहतो. प्रत्येक तुकडा डोळ्यासमोर धरून फिरवा. थोडासा बाक सगळ्यांनाच असतो. तो बाक वरच्या दिशेला येईल असा तुकडा ठेवा आणि गाइड खाली लावा. गाइडांच्या वजनाने तो बाक बराचसा निघून जातो. बाक उजव्या-डाव्या बाजूला आला तर मात्र तो कायम खुपत राहील.

गाइडचे पाय जसे पाकिटातून येतात तसे बांधायचे नाहीत. टोकं बोथट असतात, दोरा ब्लँकवरून पायावर चढताना तिथे पायरी पडते, मध्ये फट राहते आणि त्या फटीत पुढे पाणी शिरतं. बारीक कानशीने वरच्या बाजूने पाय उतरता करा, शेवट कागदासारखा पातळ व्हायला हवा. मग पाय उलटा करून घासताना खाली राहिलेली धार ८०० नंबरच्या पॉलिश पेपरवर काढून टाका. ही धार राहिली तर रॉड वाकताना तीच ब्लँकमध्ये रुतते. गाइडपाशी मोडलेले जे रॉड माझ्याकडे आले, त्यातल्या बऱ्याच रॉडवर गाइडच्या पायाखाली अशी धार सापडली. घासण्याचं काम ब्लँकपासून लांब करा. पाय सपाट काचेवर ठेवून डुगडुगतोय का पाहा, डुगडुगला तर पकडीने हलकेच सरळ करा.

सुरुवात टिप-टॉपने, कारण बाकीचे सगळे त्याच्या रेषेत लावायचे असतात. त्याला कायमचा इपॉक्सी गोंद वापरू नका. टिप-टॉप कधीतरी बदलावा लागतोच. गरम करून वितळणारा टिप-टॉपचा गोंद येतो, त्याची कांडी मेणबत्तीवर मऊ करून ब्लँकच्या टोकावर थोडा लावा, नळी गरम करून वर सरकवा आणि गोंद घट्ट व्हायच्या आत रील सीटशी सरळ करा. ज्योत ब्लँकला लागता कामा नये.

दोरा. ५ वेटच्या रॉडला ए जाडीचा नायलॉन पुरे. डी जाडीचा दोरा समुद्रातल्या रॉडना. दोऱ्याचे दोन प्रकार असतात. साधा नायलॉन इपॉक्सी प्यायला की गडद होतो, अर्धपारदर्शक होतो आणि खालचा पाय दिसू लागतो. दुसरा आधीच प्रक्रिया केलेला, त्याचा रंग जसाच्या तसा राहतो. साध्या दोऱ्याचा रंग टिकवायला वरून कलर प्रिझर्व्हर लावतात, पण आपल्या हवेत मी ते टाळतो. ते पूर्ण वाळलं नाही तर इपॉक्सीखाली पांढुरकं दिसतं. काळ्या किंवा गडद हिरव्या ब्लँकवर साधा गडद दोरा घ्या. तो भिजल्यावर जवळजवळ ब्लँकच्याच रंगाचा होतो आणि पहिल्या रॉडवरचे लहानसहान दोष झाकतो.

यंत्राची गरज नाही. पुठ्ठ्याच्या खोक्याला समोरासमोर व्ही आकाराच्या दोन खाचा कापा, कडांना सुती कापड चिकटवा, ब्लँक त्यावर ठेवा. दोऱ्याचं रीळ कपात ठेवा आणि दोरा एखाद्या जाड पुस्तकाच्या पानांमधून आणा. पुस्तकावर वजन कमी-जास्त केलं की ताण बदलतो. माझे पहिले तीस रॉड असेच झाले.

गाइडचा एक पाय बारीक टेपच्या पट्टीने धरा आणि दुसऱ्यावर काम सुरू करा. पायाच्या टोकाच्या बाहेर, ब्लँकवर, तीन-चार मिमी अंतरावर सुरुवात. दोऱ्याचं मोकळं टोक ब्लँकवर आडवं ठेवायचं आणि पहिले पाच-सहा वेढे त्याच्यावरूनच घ्यायचे, ते वेढेच त्याला दाबून धरतात. उरलेलं टोक ब्लेडने कापा. मग हाताने ब्लँक फिरवत राहा, दोरा फिरवू नका. भोवऱ्याला जाळी गुंडाळताना जसा प्रत्येक वेढा आधीच्याला खेटून बसवावा लागतो, तसंच. दोरा किंचित तिरका, झालेल्या वेढ्यांकडे झुकलेला धरला की वेढे आपोआप खेटतात. तार पायातून वर उठते तिथपर्यंत पोचायला सहा-आठ वेढे राहिले की दुमडलेल्या दोऱ्याचा एक फास वेढ्यांखाली ठेवा, त्यावरून उरलेले वेढे घ्या, दोरा कापून टोक फासात घाला आणि फास ओढून काढा. टोक वेढ्यांखाली जाऊन बसतं. मग चमच्याच्या पाठीने वेढे घासून फटी मिटवा.

ताणाबद्दल तुम्ही वेगळं विचारलं नाहीत, पण नवशिक्याची सगळ्यात मोठी चूक तिथेच होते. घट्ट म्हणजे मजबूत असं वाटतं आणि दोरा करकचून आवळला जातो. कार्बनची नळी पातळ भिंतीची असते. पायाच्या टोकाशी ती आवळली गेली की वाकताना सगळा जोर त्या एका कंगोऱ्यावर येतो. बांधून झाल्यावर अंगठ्याने जोर देऊन ढकलला तर गाइड केसभर बाजूला सरकला पाहिजे. तितकाच ताण. मिरजेला सतारीचे पडदे बांधताना पाहिलंत तर हीच गोष्ट दिसेल: पडदा दोऱ्यानेच दांडीला धरलेला असतो, वाजवताना हलत नाही, पण सूर लावताना हाताने सरकवता येतो. गाइडला धरून ठेवतो तो दोरा. इपॉक्सी फक्त दोऱ्याला पाण्यापासून आणि घासण्यापासून वाचवतं.

पुढेमागे कधी सिंगल-फूट बांधलेत तर एक गोष्ट लक्षात ठेवा. दोरा तारेच्या उठावापाशी संपवायचा नाही. गाइडच्या पुढच्या बाजूने, कडीच्या पलीकडे ब्लँकवर एक वेढा नेऊन पुन्हा मागे आणायचा. फोरहान रॅप म्हणून तो ओळखला जातो. गाइड पुढे सरकायला जागाच उरत नाही.

स्नेकच्या नागमोडी वळणाच्या दिशा दोन असतात, अमेरिकन आणि त्याच्या उलट इंग्लिश. कोणतीही चालेल, पण एका रॉडवर सगळे एकाच वळणाचे आहेत ना ते बांधण्याआधी पाहा. दहाही झाले की मुठीकडून एक डोळा मिटून टिप-टॉपपर्यंत नजर टाका, मग रॉड उलटा धरून टोकाकडून. ब्लँकच्या दोन्ही बाजूंना प्रत्येक गाइड सारखाच डोकावला पाहिजे. वाकडा दिसेल तो अंगठ्याने ढकला. एकदा इपॉक्सी लागलं की ही संधी संपली. मी हे रात्री करतो आणि सकाळी उजेडात पुन्हा पाहतो. सकाळी एखादा तरी वाकडा सापडतोच.

आता तुमचे खड्डे. तुम्ही लिहिलंय की इपॉक्सीचे दोन भाग, रेझिन आणि हार्डनर, सारखे मोजायला मेडिकलच्या दुकानातून सिरिंज आणल्या. त्या सिरिंजच्या दट्ट्याला काळं रबर असतं आणि ते सहज सरकावं म्हणून सिलिकॉन तेलाचा हात दिलेला असतो. ते तेल इपॉक्सीत उतरतं आणि जिथे त्याचा कण असेल तिथून इपॉक्सी मागे सरतं. मध्ये गोल खड्डा, कडेला उंचवटा, बरोबर माशाच्या डोळ्यासारखा. मी एका मित्राच्या लग्नाच्या भेटीचा रॉड असाच घालवला आणि कारण सापडेपर्यंत ब्रश, दोरा, हवा, सगळ्यांना दोष देत होतो. रबर नसलेल्या, नुसत्या प्लॅस्टिकच्या दोन भागांच्या सिरिंज मिळतात, त्याच वापरा. प्रत्येक भागाला वेगळी. अंदाजाने मोजू नका, प्रमाण चुकलं तर इपॉक्सी महिनाभर चिकट राहतं. हाताला क्रीम लावलेलं असेल किंवा खोलीत फर्निचरचं पॉलिश फवारलं असेल तरीही असेच खड्डे येतात. ब्लँक आणि गाइड आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा आणि ते पूर्ण उडू द्या.

पांढरी साय मात्र पावसाळ्याची. इपॉक्सीच्या हार्डनरमधला अमाइन हवेतल्या ओलाव्याशी आणि कार्बन डायऑक्साइडशी संयोग पावतो आणि वर मेणचट थर येतो. रॉडचं इपॉक्सी मुद्दाम हळू सुकणारं असतं, त्यामुळे ओलाव्याला वेळही भरपूर मिळतो. नुसती वरची साय असेल तर कोमट पाणी आणि सौम्य साबणाने ती निघते. थर आतूनच ढगाळ असेल तर ओलावा आत अडकलाय, तो निघत नाही.

इपॉक्सी ढवळताना गोल-गोल सावकाश, निदान तीन मिनिटं. मग ते ॲल्युमिनियम फॉइलवर पसरा. उथळ थरातले बुडबुडे आपोआप फुटतात, आणि भांड्यात साठवलेलं इपॉक्सी स्वतःच्याच उष्णतेने लवकर घट्ट होतं, तेही टळतं. ब्लँक फिरता ठेवायला एअर कूलरची स्विंग मोटर घ्या. मिनिटाला चार-पाच फेरे, इलेक्ट्रिकलच्या दुकानात सहज मिळते. पहिला थर इतका पातळ की दोऱ्याने तो पिऊन टाकावा आणि वेढ्यांच्या रेषा दिसत राहाव्यात. दहा मिनिटांनी जास्तीचं इपॉक्सी ब्रशने उचला. पायाच्या आणि ब्लँकच्या मधल्या बोगद्यात ते पूर्ण शिरलंय ना, हे विजेरीने पाहा. फिरणं निदान चार तास, पुढचा थर दुसऱ्या दिवशी. टोकाच्या तुकड्यावर दोन पातळ थरांच्या पुढे जाऊ नका. मणी दिसतील असे फुगलेले थर दुकानात छान दिसतात, पण ते सगळं वजन नेमकं नको त्या ठिकाणी असतं.

बिघडलेले तीन गाइड असे काढा. हेअर ड्रायरने इपॉक्सी कोमट आणि मऊ करा. ब्लेडने चीर द्यायची ती फक्त गाइडच्या धातूच्या पायावरून, ब्लँकवर पाते टेकवायचं नाही. दोरा उसवत आला की उरलेलं नखाने किंवा बांबूच्या काडीने सोलून काढा आणि अल्कोहोलने पुसा. ब्लँकवर पात्याचा ओरखडा दिसला तर मला फोटो पाठवा, तो तुकडा तसाच वापरू नका.

मार्चला अवकाश आहे. बाटलीची परीक्षा आणि दोऱ्याचं काम आत्ता पावसात करून घ्या, बांधलेले तुकडे धुतलेल्या सुती कापडात गुंडाळून कपाटावर ठेवा आणि इपॉक्सी दसऱ्यानंतर, हवा कोरडी झाली की लावा. दुसरा थर लागल्यावर आठवडाभर रॉड वाकवू नका.